पेटी कापली रे, भानुदास

प्रिय भानुदास,

सप्रेम नमस्कार लिहिणार होतो. पण आता तू जिथे आहेस तिथे नमस्कार सप्रेम करावा की साष्टांग, हे मला ठरवता येईना. म्हणून नुसतंच प्रिय.

पत्र लिहायचं कारण एकच. आपल्या मोटारसायकलवरची तुझी लोखंडी पेटी काढली. काढली म्हणजे कापूनच काढली. ही बातमी तुला माझ्याकडून कळावी असं फार वाटत होतं, पण परवा आपल्या गल्लीतले नाना गेले. नानांच्या पोटात जिवंतपणी काही राहत नव्हतं, तिकडे आल्यावर काय राहणार! त्यांनी तुला गाठून सांगितलंच असेल, की मास्तरने तुझी पेटी तोडली आणि तुझ्या बायकोला मागे बसवून गाव सोडून गेला.

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण मधलं सगळं राहिलं ना! तेवढं वाच आणि मग काय रागवायचं ते रागव.

गाडी घेतली तो दिवस आठवतो? एकट्याच्या ऐपतीत ती ना तुझ्या बसत होती, ना माझ्या. दोघांची मिळून एक झाली. शाळेचे दिवस माझे, शनिवार दुपारपासून रविवार रात्रीपर्यंत तुझे, म्हणजे तुझ्या मोसंबीच्या बागेचे. सगळं टेंभुर्णी हसलं होतं. दोन घरांत मिळून बैलजोडी असते हे लोकांनी पाहिलं होतं, फटफटी पाहिली नव्हती.

आणि गाडीवरून आपण कधी भांडलो नाही रे! भांडलो ते तिच्यावर काय काय बसवायचं यावरून.

मी टाकीवर ॲल्युमिनियमची पट्टी ठोकून घेतली होती, तिच्यावर एक चिमटा. चिमट्यात कवितेचं पुस्तक उघडं ठेवायचं, आणि सरळ रस्ता लागला की दोन-दोन ओळी पाठ करत जायचं. शाळा येईपर्यंत एक कविता तोंडात बसायची. शाळेच्या पुस्तकातल्या कविता अशा वाऱ्यावरच म्हणाव्यात, वर्गात त्यांना घाम येतो. तू पहिल्यांदा तो चिमटा पाहिलास आणि विचारलंस, "मास्तर, हे काय करून राह्यला तू?"

"कविता पाठ करतो."

"गाडी चालवता चालवता? मंग मरशील."

मेलो नाही. एका कवितेत शेवटच्या कडव्याला फार सुंदर संध्याकाळ होत होती, तिच्या नादात कापसाने भरलेल्या बैलगाडीत मागून शिरलो. कापूस! दगडाची गाडी असती तर आज हे पत्र तू मला लिहीत असतास. तू पळत आलास, मला तंगडीला धरून कापसातून ओढलंस, आधी गाडीचं हँडल सरळ आहे का ते पाहिलंस, आणि मग माझ्या मिशीतला कापूस काढत म्हणालास, "चांगली व्हती का पण कविता?"

आता असं विचारणारं कोणी राहिलं नाही, भानुदास.

पण तू तरी काय कमी होतास? फवारणीचा पंप अडकवायची कडी, दुधाच्या कॅनचा आकडा, हँडलला रेशमी गोंडे, आणि तो म्हशीसारखा हंबरणारा हॉर्न! शनिवारी तू माझा चिमटा आणि छत्रीची नळी काढायचास, सोमवारी सकाळी मी तुझा संसार उतरवायचो. पान्हा लिंबाच्या ढोलीत ठेवलेला असायचा. एका सोमवारी घाईत गोंडे काढायचे राहिले आणि मी नवरदेवासारखा शाळेत पोचलो. पोरांनी सरळ सुट्टीच मागितली!

नटांच्या कडा झिजून गोल झाल्या तेव्हा कुठे तुला उपाय सुचला. तांबड्या ऑइलपेंटने तू सीटच्या मधोमध आडवी रेघ ओढलीस. "रेघेच्या पुढं तुझं राज, मागं माझं. कोणी कोणाच्या हद्दीत नट लावायचा न्हाई." मला तो तह फारच आवडला. वर्गात इतिहास शिकवताना मी त्याचं उदाहरणसुद्धा द्यायचो.

रेघेच्या मागे माणूस बसत असतो, हे मात्र दोघांनाही सुचलं नाही.

आणि लगेच तू रहीमभाईकडे जाऊन ती पेटी करवून घेतलीस. आपल्या स्टँडजवळचं त्यांचं वेल्डिंगचं दुकान, ट्रॉलीचा जुना पत्रा, चार अँगल. रेघेपासून पार मागच्या दिव्याच्याही पुढे आली ती! रिकामी असली तरी चढावर पुढचं चाक रस्ता सोडू बघायचं आणि मी टाकीला मिठी मारायचो. तू मात्र भोवती फिरून फिरून बघत होतास, जसं काही घर बांधलंय.

तिच्यावर माझ्या दोन ओळी लिहायला तू परवानगी दिलीस, हे तुझे उपकार. रेघेच्या मागे मला मिळालेली तेवढीच जागा. आठवतात का त्या?

वाट कितीही लांब असो, चाक म्हणे मी धावीन,
सोबत असता मित्र सखा, रानातही मी गाईन.

पेंटरने पहिली ओळ उजव्या बाजूला लिहिली, दुसरी डाव्या. मागच्या बाजूला तुला तुझं नाव पाहिजे होतं ना! म्हणजे पूर्ण कविता वाचायची तर एकदा उजवीकडून आणि एकदा डावीकडून पुढे जावं लागायचं. जाफराबादच्या रस्त्यावर एका टेम्पोवाल्याने खरोखर तसं केलं. मी मनातून केवढा सुखावलो होतो! पुढच्या नाक्यावर तो थांबून म्हणाला, "मास्तर, तुमचा पाठीमागचा दिवा बंद हाये, तेच सांगू राह्यलो कधीचं."

आता एक विचारतो. त्या पेटीत तू काय नेलं नाहीस? मोसंबी नेली, खत नेलं, लग्नाचे बुंदीचे लाडू नेले. एकदा करडू नेलंस, त्याचं तोंड बाहेर आणि कान वाऱ्यावर. एका वर्षी तर गणपती नेलास, झाकण उघडं ठेवून. मग कावेरी वहिनींना कधी नेलंस?

वर्षातून दोनदा वहिनी माहेरी, धावड्याला जायच्या. पेटीत त्यांचं गाठोडं, भावजयीचं लुगडं, पोरांचा खाऊ, मोसंबीची पिशवी. ते सगळं तुझ्याबरोबर वाऱ्यावर जायचं. आणि वहिनी? काळीपिवळी जीपमध्ये, कोणाच्या तरी कोंबड्या मांडीवर घेऊन! भोकरदनला जीप बदलून, धूळ खात, तुझ्यामागून दोन-अडीच तासांनी. धावड्यात म्हणे तशी रीतच पडली होती. पेटी दिसली की म्हणायचे, "सामान आलं, म्हंजी दुपारपस्तोवर कावेरी येईन."

तुला हे खरंच कधी दिसलं नाही का रे?

मलाही दिसलं नव्हतं. दाखवलं ते वहिनींनीच, गेल्या महिन्यात. तू थंडीत गेलास, आता लिंबाला मोहर आलाय. मी ओट्यावर बसलो होतो. वहिनी आल्या, पदर खोचला आणि उभ्या उभ्याच म्हणाल्या, "भाऊजी, गाडीत अर्धा वाटा आमचा ना?"

मी मनात म्हटलं, आता गाडी विकायची म्हणतात की काय! मी कसंबसं "बिलकुल" म्हटलं.

"मंग मला धावड्याला घेऊन चला. गाडीवर. मागं बसून."

"अहो, पण मागे पेटी आहे."

"तेच म्हणून राह्यले मी. एवढी वरसं पेटीच हाये."

आमची ही दारात तांदूळ निवडत होती. सुपाचा आवाज थांबला.

मी म्हटलं, तुमचा लेक सुनील पुण्याहून कार पाठवेल की. तर म्हणाल्या, "पाठवतो म्हणला ना तो. एसीची. पर कारीतून कोण आलं, ते दार उघडस्तोवर दिसत न्हाई. मला दिसायचंय. माझी भावजय दर टायमाला पळत येऊन पेटी उतरवून घ्यायची, अन् मंग इचारायची, कावेरी कुठंय? आता तिला मोतीबिंदू झालाय, एका डोळ्यानं दिसणं बंदच हाये म्हणा ना. दुसऱ्यानं दिसून राह्यलं तोवर एकदा मला सामानाच्या जागी बसून वेशीतून जायचंय."

मी चाचरत म्हटलं, "वहिनी, लोक काय म्हणतील?"

"ह्या वयात? म्हणतील, दोघांतलं आधी कोण पडतं ते बघू."

ही फस्सकन हसली. पुढे माझ्याकडे बघून म्हणाली, "न्या त्यांना. आणि परत आल्यावर माझा नंबर लावा. मला तरी त्या पेटीनं कुठं बसू दिलं?" रात्रीचं जेवण त्या दिवशी जरा आळणीच होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं रहीमभाईंकडे गेलो. मला वाटलं, पाच मिनिटांचं काम. रहीमभाईंनी गाडी पाहिली, पेटीवर हात फिरवला आणि ग्राइंडर खाली ठेवला.

"न्हाई कापणार."

"का हो?"

"जबान दिलीय. भानुदासभाऊ इथंच, ह्याच दगडावर बसून म्हणले होते, रहीमभाई, असं पक्कं मारा की मी मेलो तरी निघायला नको. मी म्हणलो, न्हाई निघणार. आता मीच कापू? वर गेल्यावर भाऊ पहिलं हेच इचारतील, मंग मी काय जवाब देऊ?"

तुला मेल्यानंतरचंही बोलून ठेवायची काय गरज होती रे? मी समजावून थकलो. मैत्रीवर बोललो, काळाच्या ओघावर बोललो, दोन कडवीही म्हणून दाखवली. रहीमभाई अदबीने ऐकत होते आणि मान हलवत होते, नाही अशी.

मग वहिनी पुढे झाल्या. "रहीमभाई, ते काय म्हणले होते? मी मेलो तरी निघायला नको. बराबर?"

"बराबर."

"ते गेले. निघाली का पेटी?"

"न्हाई निघाली."

"चार महिने झाले, न्हाई निघाली. तुमची जबान पुरी झाली. आता मला सांगा, रेघेच्या मागची हद्द कोणाची?"

रहीमभाईंनी वाकून तांबडी रेघ शोधली. फिकी झालीय, पण आहे. "भाऊंची."

"भाऊंच्या मागं कोणाची?"

रहीमभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी रेघेकडे पाहिलं. गावातल्या एवढ्या शेतांच्या वाटण्या पाहिल्या आपण, पण अर्ध्या सीटची वारस उभी राहिलेली मी पहिल्यांदाच पाहत होतो!

"तुमची, भाभी," असं म्हणून रहीमभाईंनी ग्राइंडर उचलला.

ठिणग्या उडत होत्या तेव्हा मी पाठ फिरवून उभा होतो. खोटं कशाला सांगू, बघवेना. मग मागून हाक आली, "मास्तर, हे पाहा!"

भानुदास, पेटीखालच्या अर्ध्या सीटवर शोरूमचं प्लास्टिक होतं! तसंच्या तसं. पुढची बाजू माझ्या बसण्याने फाटून दोनदा नवी शिवली, आणि मागची कोरी! पिवळं पडलेलं, कडेला चिकटलेलं, पण अख्खं. एकही माणूस कधी त्यावर बसला नव्हता.

वहिनी बघतच राहिल्या. मला वाटलं, आता रडतील. त्यांनी वाकून प्लास्टिकची कड धरली आणि असं ओढलं की टरकन सगळं एकदम आलं! "नवंच ठेवलं की माझ्यासाठी," म्हणाल्या, आणि प्लास्टिकचा बोळा करून तिथल्या भंगाराच्या ढिगात टाकला.

खरं सांग, तू ते मुद्दाम ठेवलं होतंस की विसरला होतास? मुद्दाम ठेवलं असशील तर असं कसं रे ठेवलंस! आणि विसरला असशील तर वहिनींना सांगू नकोस.

यानंतर वहिनींनी आपल्या हद्दीत काय काय बसवायला लावलं ते ऐक. साडी चाकात जाऊ नये म्हणून जाळीचा साडीगार्ड. पाय ठेवायला लांब पट्टी, दोन्ही पाय एका बाजूला घेता येतील अशी. धरायला कडी, तीही गोल सळईची, हाताला टोचायला नको. पाठीला टेका. मी म्हटलं, झालं. तर म्हणाल्या, "आरसा."

"आरसे आहेत की दोन."

"ते तुमच्या हद्दीत. तुमच्यामागं बसून मला काय दिसन? तुमचा सदरा."

मग टेक्याच्या बाजूने एक दांडी बाहेर काढून तिच्यावर त्यांचा स्वतंत्र आरसा बसला, समोरचा रस्ता दाखवणारा. मी पुन्हा म्हटलं, झालं. तर, "अन् हॉर्न!"

"मागे हॉर्न?"

"तुम्ही कवितेत जाता, भाऊजी. गावाला ठाऊक हाये. मी काय कापसाची गाडी यायची वाट पाहत बसू का?"

रहीमभाई इतके हसले की त्यांना बसावं लागलं. पण बसवला. तुझाच तो म्हशीचा हॉर्न, बटण मागच्या कडीजवळ, वायर माझ्या हद्दीतून. हद्दीचा तह असा मोडला.

निघायच्या आधी एकट्याने स्टँडपर्यंत चक्कर मारली आणि मला गाडी चालवता येईना! पेटी नसल्याने मागचं सगळं हलकं झालं होतं. वळणावर हात आपोआप जास्त रेटायचे, कारण इतकी वर्षं मागून कोणीतरी जड ओढत असायचं. दोनदा पाय टेकवले. घरी येऊन पाणी प्यालो. हिने विचारलं, "घाबरलात का?" मी नाही म्हटलं. घाबरलो नव्हतो, भानुदास. ते दुसरंच काहीतरी होतं.

मग वहिनी बसल्या आणि गाडी पुन्हा नीट चालायला लागली.

रस्ताभर हॉर्न! शेळ्या दिसल्या की हॉर्न, वळण आलं की हॉर्न. लिंबाच्या मोहराचा वास आला, मी हात जरा सैल सोडला आणि "सोबत असता" एवढंच गुणगुणलो, तर पाठीमागे म्हैस हंबरली. भोकरदन मागे पडलं, उत्तरेला डोंगराची निळी ओळ दिसू लागली. अशा ठिकाणी माणसाने दोन क्षण थांबू नये का? मी थांबलो. वहिनीही उतरल्या, डोंगराकडे बघत राहिल्या, आणि म्हणाल्या, "हे सगळं पेटीला दिसत असन न्हाई?"

मी गाडीला किक मारली.

जवळ आल्यावर त्यांनी गाडी उभी करायला लावली, तोंड धुतलं, केस नीट केले, पदर डोक्यावरून घेऊन खांद्यावर पक्का केला. म्हणाल्या, "आता हळू चालवा. मुद्दाम."

आम्ही वेशीतून आत शिरलो. मिरच्या वाळत घातलेल्या अंगणांतून बायका उठून बघत होत्या. मी इतका हळू चालवत होतो की एक कुत्रं कंटाळून पुढे निघून गेलं. भावाच्या दारात वहिनींनी एकच लांब हॉर्न दिला. आवाज ओळखीचा! भावजय आतून काठी टेकत, जमेल तेवढ्या लगबगीने आल्या, "पाव्हणे आले का, पाव्हणे आले का" करत, आणि थेट गाडीच्या मागे जाऊन दोन्ही हात पुढे केले, सामान उतरवून घ्यायला. सवयच ना ती!

त्यांचे हात वहिनींच्या गुडघ्यांना लागले.

"अगं बया! हे काय हाये?"

"मी हाये, वैनी," कावेरी वहिनी म्हणाल्या. "उतरवून घे."

मग त्या दोघी किती वेळ तशाच राहिल्या, एक खाली, एक सीटवर, हे मी मोजलं नाही. मी गाडी धरून उभा होतो. सोडली असती तर तिघंही पडलो असतो! माझ्या डोळ्यांत धूळ गेली होती. धावड्यात धूळ फार आहे.

तुझ्या मेव्हण्याने मला वरणबट्टी खाऊ घातली आणि वहिनींना कायमचं राहायचा आग्रह केला. त्या म्हणाल्या, "न्हाई दादा. आखाजी झाली की जाते. माझी बाग हाये तिकडं, अन् अर्धी गाडी हाये."

मी एकटा परत आलो. रस्त्यात कोणी हॉर्न वाजवला नाही. एका वळणावर तर मीच मागे हात नेऊन वाजवला, उगाच.

आता वचन देतो, भानुदास, आणि हे नानांच्या तोंडून नको, माझ्याकडूनच घे. अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी मी वहिनींना आणायला जाणार आहे. स्वतः, गाडीवर, वाटेत एकही कविता न म्हणता. निघताना भाऊ-भावजय त्यांना कुरडया-पापड, मिरच्या, सांडगे, काय काय बांधून देणारच, तुला ठाऊक आहे धावड्याचा हात. देऊ देत. ते सगळं गाठोडं मी काळीपिवळीत टाकीन, ड्रायव्हरला टेंभुर्णीचं नाव सांगीन, आणि आम्ही पुढे निघून येऊ. सामान येईल मागून, दोन-अडीच तासांनी.

तुझाच,
दत्ता मास्तर